डोळे राहिलेला गणपती: हमरापूर ते रोहा, एका दिवसात

आधीच सांगून ठेवते, या पोस्टमध्ये एकच फोटो आहे आणि तो सगळ्यात शेवटी आहे. "विद्याताई, फोटो कमी, बडबड जास्त" ही तुमची नेहमीची तक्रार. या वेळी माझ्याकडे सबळ कारण आहे. दिवसातले दोन-अडीच तास आम्ही जिथे काढले, तिथे 'छायाचित्रण सक्त मना' अशी पाटी होती आणि पाटीखाली बंदूक घेतलेला माणूस होता. त्या जागेचं नाव सांगणार नाही. रोह्याच्या अलीकडे की पलीकडे, तेही नाही. सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गेटवर तसा शब्द दिलाय आणि तेव्हापासून तो घरातसुद्धा त्या जागेला 'लोकेशन' म्हणतो.

बेत अगदी साधा होता. इतकी वर्षं नाक्यावरच्या मंडपातून गणपती आणायचो, यंदा थेट पेणजवळच्या हमरापूरहून आणायचा. आषाढातच जाऊन मूर्ती ठरवून आलो होतो (तुम्हीही तेव्हाच जा, श्रावण संपताना गेलात तर उरलेलंच मिळतं). हरतालिकेला पहाटे साडेपाचला डोंबिवलीहून निघायचं आणि जेवायच्या वेळेला परत. माझं जेवण नव्हतंच म्हणा, उपास होता. आज माझ्या स्वभावाची जबाबदारी माझ्यावर नाही, असं मी गाडीत बसतानाच जाहीर केलं. "मग रोज कुणावर असते?" असं सुधीर पुटपुटला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पनवेलपर्यंत रस्ता ठीक. पुढे चाकरमान्यांच्या गाड्या, एसट्या, टेम्पो आणि खड्डे. महामार्गाचं काम सुरू आहे असं आमचं लग्न झाल्यापासून ऐकतेय, मुलगा आता तिशीचा झाला. हमरापूरच्या फाट्याला आत वळलो तेव्हा नऊ वाजले होते. तिथून पुढे मात्र जीव हरखतो. घराघराच्या ओटीवर, पडवीत, ताडपत्रीखाली गणपतीच गणपती. कुणाला नुसता पांढरा रंग, कुणाचं पितांबर ओलं, कुणाची सोंड वाळतेय. बाया मांडी घालून दागिने रंगवतायत आणि मधूनच ओरडतायत, "गो, धक्का नको लावू, वला हाय तो!"

आमची मूर्ती होती नारायणभाऊंच्या कारखान्यात. त्यांच्या वहिनी सुमनकाकी, साठी उलटलेल्या, अंगाने काडी पण आवाज खणखणीत. त्या फक्त आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. ते सगळ्यात शेवटी होतं आणि ते काम कुणालाही देत नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा काकींच्या एका हातात बारीक ब्रश, दुसऱ्या हातात काळ्या-पांढऱ्या रंगाची डबी आणि समोर पाटावर आमचा गणपती. ब्रश बुडवला आणि त्यांनी सहज सांगितलं, "भावजी, मिलिटरीचा पुढं आणून ठेवा. याच्या मागनं त्याचेच डोळे."

नारायणभाऊ म्हणाले, "तो गेला की मघाशी. ट्रक आलेला."

"गेला? त्याचे डोळे ऱ्हायलेत!"

पडवीतल्या सगळ्या बायांचे ब्रश हवेतच थांबले.

घोटाळा असा झाला होता. रोह्याच्या बाजूला लष्कराचा एक तळ आहे. तिथल्या मंदिरातला गणपती दर वर्षी काकींच्या हातचा. त्याचे डोळे मात्र तळावरचा माणूस समोर उभा असल्याशिवाय काकी काढत नाहीत, हा त्यांचा नेम. जुने सुभेदार साहेब हरतालिकेला दुपारी यायचे, समोर हात जोडून उभे राहायचे, काकी डोळे काढायच्या. त्यांची बदली झाली. नवे साहेब सकाळीच आले. धूळ बसू नये म्हणून मूर्तीच्या तोंडावर नारायणभाऊंनी रुमाल टाकला होता. गणपती तोंड झाकूनच न्यायचा ही आपली रीत. साहेबांना वाटलं, सगळं झालंय म्हणून झाकलाय. नारायणभाऊंना वाटलं, वहिनींनी डोळे काढलेत म्हणून साहेब नेतायत. रुमाल उचलून बघायचा आगाऊपणा कुणी केला नाही. दोघांनी मिळून 'गणपती बाप्पा मोरया' म्हटलं आणि ट्रक गेला.

नव्या साहेबांचा नंबर कुणाकडे नव्हता. जुन्या साहेबांना फोन लावला, ते लडाखला, फोन लागेना. कारखान्याचे दोन्ही टेम्पो मूर्ती पोचवायला गेलेले. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत आमच्या गाडीवर येऊन थांबल्या.

आता सुधीरबद्दल दोन शब्द. कॉलेजात एनसीसीत होता. सैन्यात जायचं म्हणून वर्षभर पहाटे धावला आणि वैद्यकीय तपासणीत तळपाय सपाट निघाले म्हणून घरी आला. पुढे आयुष्यभर विम्याच्या हप्त्यांचं काम केलं. अजूनही रस्त्यात लष्कराची गाडी दिसली की तो आपली गाडी बाजूला घेतो, मागचे कितीही शिव्या देवोत. तो ताठ झाला आणि म्हणाला, "काकी, बसा." मला कुणी विचारलंच नाही. काकी डबी आणि ब्रश पदरात धरून मागे बसल्या. कुणीतरी आमचा गणपती रुमाल टाकून त्यांच्या शेजारी ठेवला, बाजूने उशा लावल्या आणि आम्ही सुटलो.

वडखळपर्यंत बरं चाललं होतं. डोलवीला नेमकी कंपनीची शिफ्ट सुटलेली, बसेसच्या मध्ये पाऊण तास अडकलो. पुढे गडबला सुधीरने वडापाव घेतला आणि माझ्या नाकासमोर खाल्ला. काकींचाही उपास होता. मी त्यांना केळं दिलं, ते त्या खाईनात.

"एवढं मनाला लावून घेऊ नका काकी," मी म्हटलं. "फार तर पुढच्या वर्षी ऑर्डर जाईल."

"ऑर्डर गेली खड्ड्यात! माझ्या डोळ्याला पडदा आलेला गो. आखणी वाकडी जायला लागली, मी ब्रश ठेवला खाली. लेक दिलीय ना तिथं, गेटासमोरच्या गावात, शेवंता. ती म्हणाली, आये, तळावर डोळ्यांचा कॅम्प लागलाय गाववाल्यांसाठी, तू ये. त्या डॉक्टरनी पट्टी सोडली नि पयला दिसला तो समोर उभा ऱ्हायलेला जवान. पोरगाच होता. माझ्याकडं बघून हसला." काकींनी डोळ्याला पदर लावला. "तवापास्ना ठरवलाय, त्यांच्या देवाचे डोळे त्यांच्याच माणसावर उघडतील. नि आज तोच आंधळा बसायचा तिथं?"

मी सुधीरला म्हटलं, "जरा वेगात चालव की!" आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

नागोठण्याहून भिसे खिंडीचा रस्ता भाताच्या खाचरांमधून चढतो. या दिवसांत इतकं हिरवं असतं की उपाशी माणसालाही बरं वाटतं. तिथे गाडी सावकाश चालवा. आम्ही चालवली नाही.

दीडला गेटवर. संतरी बिहारचा, कोवळा, मिशी अजून ठरायची होती. सुधीरने खाली उतरून असा सॅल्यूट ठोकला की तो बिचारा गोंधळला. मी सांगितलं, गणपतीचे डोळे राहिलेत, आत सोडा.

"मूर्ति की आँख?" त्याने विचार केला. "लिखित में दीजिए."

सुधीरला तेच हवं होतं. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने अर्ज लिहिला, 'विषय: आँख बनाने की अनुमति के संबंध में'. संतरीने तो दोनदा वाचला, आतल्या खिडकीत दिला आणि म्हणाला, उत्तर तीन दिवसांत मिळेल. प्रतिष्ठापना होती दुसऱ्या दिवशी सकाळी सातला.

नियमाप्रमाणे त्याने गाडीही तपासली. डिकी, स्टेपनी, माझी पर्स, केळी, सगळं. मागच्या सीटवर रुमाल टाकलेला गणपती दिसल्यावर मात्र थबकला, बूट जुळवून नमस्कार केला आणि म्हणाला, "भगवान का मुँह हम नहीं खोलेंगे."

काकी तोवर समोर लेकीच्या टपरीकडे निघाल्या होत्या. टपरी म्हणायची, पण तिथे चहा, वडे, इस्त्री, वर्दीवर नावाच्या पट्ट्या शिवणं असं सगळं चालतं. गावाचं निम्मं पोट तळावर आहे. दूध इथलं जातं, भाजी इथली जाते, केस कापणारा इथला. आणि कुंडलिका नदीला पूर येतो तेव्हा तळावरची बोट आधी याच गावात येते, हे शेवंताने वडे तळता तळता सांगितलं. मी विचारलं, आत नेमकं असतं काय?

"ता नाय बा माहीत," ती म्हणाली. "पन उद्या रजा कोनाला हाय, कोनाच्या घरी पोरगी झाली नि कोनाचा पट्टा ढिला झालाय, ता सगला माहीत हाय."

मग आईची हकीकत ऐकून ती हसत सुटली. "अर्ज दिलाव? आये, तू पन ना!" तिने इस्त्रीच्या ढिगातून एक वर्दी काढली. नव्या सुभेदार साहेबांची. उद्याच्या पूजेला घालायची, अडीचला दुधाच्या गाडीतून आत जाणार होती. शेवंताने चिठ्ठी लिहिली, 'साब, गणपती का रुमाल उठाके देखो', आणि खिशात न ठेवता छातीवरच्या नावाच्या पट्टीवर टाचणीने टोचली. "साहेब इस्त्री तपासल्याशिवाय वर्दी टांगीत नायत," ती म्हणाली.

तीनला पाच मिनिटं असताना आतून जीप आली. नवे सुभेदार साहेब ओडिशाचे, उंचेपुरे, चेहरा पांढराफटक. मांडीवर गणपती घेऊन बसले होते.

"माताजी, हमको लगा आपके यहाँ ऐसे ही ढक के ले जाते हैं!"

"नेतात तर तसंच," काकी म्हणाल्या. "पन आधी डोळे काढतात बाबा!"

नियम नियमच. काकींना आत जायचा पास नाही आणि देवाला परत हमरापूरला न्यायला वेळ नाही. शेवटी गेटच्या बरोबर रेषेवर बाक मांडला. देव आतल्या बाजूला, काकी बाहेरच्या बाजूला. पावसाची भुरभुर म्हणून दोन जवानांनी ताडपत्री धरली. साहेब समोर उभे राहायला आले, तर काकींनी त्यांना हाताने बाजूला केलं.

"उद्या पूजेला तुमी आत असनारच. हा कुठं असल?" त्यांनी संतरीकडे बोट दाखवलं. "उद्या पन इथंच ना गेटावर?"

"जी, माताजी."

"मग ये समोर. डोळे उघडले नि समोर भिंत, असा नाय करायचा. मानूस पायजे."

तो समोर उभा राहिला. काकींनी श्वास रोखला. आधी वरची रेघ, मग खालची, मग बुबुळ, मग बुबुळात पांढरा ठिपका. गेटवर मोटरसायकलवाले थांबलेले, दूधवाला थांबलेला, शेवंताचे वडे करपलेले. शेवटचा ठिपका पडला आणि त्या पोराचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "मेरे को देख रहे हैं," एवढंच म्हणाला. मला रडू आलं, उगाच उपासावर ढकलणार नाही.

परतीला काकी हलक्या फुलासारख्या झाल्या होत्या. दोन केळी खाल्ली, सुधीरला 'सुधीरभाऊ' म्हणाल्या, आमच्या गणपतीच्या खांद्याला हात लावून सगळी वाट धरून बसल्या. संध्याकाळी हमरापूरच्या फाट्यावर उतरल्या. आम्ही पेणचे पोह्याचे पापड घेतले (घ्याच) आणि घरी आलो. ब्रश आणि डबी त्या गाडीतच विसरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पाटावर बसले. मी त्यांना कालची गंमत सांगत होते. रुमाल कुणीच उचलला नाही, असे कसे वेंधळे असतात एकेक, असं म्हणत मी आमच्या गणपतीवरचा रुमाल काढला.

कोरा. पांढरे दोन गोळे.

सहा तास तो डोळे काढणाऱ्या बाईच्या शेजारी बसून आला होता!

"वहिनी," गुरुजी म्हणाले, "मला अजून सात घरं आहेत."

व्हिडिओ कॉल लावला. काकींनी आधी कपाळावर हात मारला, मग पोट धरून हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "आता तू काढायचे. ब्रश हाय ना तुझ्याकडं? श्वास धर. नि थांब! समोर कोन हाय?"

समोर भिंत होती आणि भिंतीवर कॅलेंडर.

मी सुधीरला हाक मारली. पितांबर सावरत आला आणि मी काही सांगायच्या आधीच सावधानमध्ये उभा राहिला. टाचा जुळलेल्या, छाती पुढे, हनुवटी वर, आणि थंडगार फरशीवर ते सपाट तळपाय. एकविसाव्या वर्षी ज्यांनी त्याला घरी पाठवलं, तेच. एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. तेव्हा फक्त म्हटलं, "हलू नकोस हं." आणि ब्रश टेकवला.

खालच्या फोटोत डावा डोळा जरा मोठा आलाय, हे मला दिसतंय, कमेंटमध्ये सांगू नका. नजरही सरळ नाही, किंचित उजवीकडे वळलेली आहे. सुधीर तिथे उभा होता.