जमणी बाजूची काकू

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याने एखाद्या दिवशी दुधात पाणी घातलं नाही, तर आज का नाही घातलं, असा प्रश्न मला पडतो. त्यामुळे काकूने माझ्यावर आळ घेतला तेव्हा मी तो जसाच्या तसा भागीदाराच्या माथी मारला.

बडोद्यात घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले होते, त्या काळातली गोष्ट. आठवडाभर मी नंदेसरीच्या एका कारखान्यात नोकरी करायचो आणि रविवारी तरसालीला जायचो. तिथे एका गुजराती मित्राच्या घरातल्या खालच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून, आम्ही दोघं भागीदारीत रेकॉर्डिंग करायचो. आईच्या भजनी मंडळाला आपल्या भजनांची सीडी हवी होती. मुख्य आवाज दोनच, आईचा आणि काकूचा. एक ओळ हिची, पुढची तिची.

अडचण एवढीच, की या दोघी जावा अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा देवघरातला गणपती कोणाकडे राहणार यावरून बिनसलं. गणपती आमच्याकडे राहिला, काकू हरणीला राहायला गेली आणि तिचं येणं थांबलं. मंडळात मात्र दोघी यायच्या, कारण त्या जुन्या चाली तिसरीला कोणाला येतच नव्हत्या. काकूने मला आधीच बजावलं, "मी एका कानात, ती दुसऱ्या कानात. माझा आवाज तिच्या बाजूला गेला, तर मी मंडळ सोडलं म्हणून समज."

ती मंडळातून गेली असती, तर दोघी एका छपराखाली बसतात असं शेवटचं ठिकाणही गेलं असतं. मला त्याची फार भीती वाटत होती.

दोघींना वेगवेगळ्या रविवारी बोलावलं. भागीदार काकूला म्हणाला, "काकी, तमे जमणी बाजू." गुजरातीत जमणी म्हणजे उजवी.

"आमचं जमत नाही, म्हणून मला जमणी होय!" काकू म्हणाली.

गाद्यांच्या खोलीतला आवाज कोरडा येतो. त्याला देवळातला घुमारा आम्ही रिव्हर्बच्या प्लगइनने द्यायचो. प्लगइन म्हणजे कॉम्प्युटरवरची एक खिडकी. तिच्यात आवाज सोडला की सभामंडपात म्हटल्यासारखा घुमून बाहेर यायचा. सगळं तयार झाल्यावर काकू ऐकायला आली. उजव्या स्पीकरसमोर बसून तिने मान डोलावली. मग उठली आणि डाव्या स्पीकरला कान लावला.

"इथंही मीच आहे! तुझ्या आईच्या पाठीमागे उभं केलंस ना मला? बराबर ओळखते मी तुम्हां मायलेकांना." आणि पर्स उचलून ती निघून गेली.

मी कान देऊन ऐकलं. तिची ओळ उजवीकडूनच येत होती, पण घुमारा दोन्हीकडून. मी तर तिला पार उजव्या टोकाला सारलं होतं. म्हणजे कोणीतरी हात लावला होता. खोलीची दुसरी किल्ली भागीदाराकडे, आणि आईच्या पुरणपोळीपायी तो तिचा धाकटा लेक झालेला. अजून काय पुरावा हवा? मी सगळी मापं वहीत उतरवून घेतली आणि निघताना डोक्यातला एक केस उपटून माउसवर ठेवला.

पुढच्या रविवारी केस जागच्या जागी. उचलून परत ठेवला असेल, असं म्हणून मी त्याला तोंडावरच विचारलं.

"में कशुं नथी कर्युं, यार." आपण काहीच केलं नाही, एवढंच तो म्हणाला. मग त्याने बाकी सगळे आवाज बंद केले, एक टाळी रेकॉर्ड केली, ती उजव्या टोकाला ठेवली आणि घुमारा लावला. टाळी उजवीकडे वाजली. घुमारा दोन्हीकडे.

चोर त्या खिडकीतच बसला होता. ते प्लगइन डावं-उजवं दोन्ही आत घ्यायचं खरं, पण दारातच दोन्ही एकत्र कालवायचं आणि त्या एकाच काल्याचा घुमारा दोन्हीकडे पसरवायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली, त्याने माफ केलं. पण महिनाभर तो आमच्याकडे जेवायला आला नाही.

उपाय सोपा होता. दोन वेगळे रिव्हर्ब लावले, आईचा फक्त डावीकडे, काकूचा फक्त उजवीकडे. घुमाऱ्याच्याही चुली वेगळ्या. काकूला हातापाया पडून परत आणलं. तिने दोन्ही स्पीकरना कान लावून खात्री केली.

"हं. आता नाहीये मी तिकडे."

मी सुटकेचा निःश्वास सोडला. भजन संपलं, तरी ती उठेना.

"आधीचं आहे का अजून?"

आता ही मंडळासमोर पुरावा म्हणून वाजवणार, असं माझ्या मनात आलं. तरी लावलं. या वेळी ती डाव्या स्पीकरकडे गेलीच नाही. आपल्याच बाजूला डोळे मिटून बसली. डावीकडे आईची ओळ सुरू झाली, आणि तिचा घुमारा उजवीकडे, काकूच्या कानाशी आला. इतके दिवस मी फक्त काकूचा आवाज कुठे जातो ते शोधत होतो. आईचा कुठे जातो, ते मी पाहिलंच नव्हतं.

"यात ती येते माझ्याकडे," काकू म्हणाली.

भागीदाराने हळूच विचारलं, "तो काकी, कयुं राखवानुं?"

"हेच ठेव." तिने पदराने नाक पुसलं. "हेच जमलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुझ्या आईला सांगू नकोस, मी दोनदा ऐकलं म्हणून."