प्लॅस्टिकमधलं लाल बटण

किस्से कुणी जमवत नाही. राग गिळत गेलं की ते आपोआप साठतात. परदेशात जहाजावरचा रेडिओ शिकून नाशिकला परतले, तेव्हा वाटलं होतं, बुडत्या जहाजावरून मदत कशी मागायची ते इथल्या मुलांच्या हातात बसवीन. द्वारका चौकाजवळच्या आमच्या प्रशिक्षण संस्थेत रेडिओ होता. हार घातलेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला!

"सर, प्लॅस्टिक काढू या?"

"मॅडम, वॉरंटी जाईल!" आमचे संचालक म्हणाले.

सेट सरावाचा, त्यातून संदेश कुठेच जात नाही. तरी संकटाच्या लाल बटणावर वेगळी चिकटपट्टी! आणि मुलांच्या 'सेटवर सराव पूर्ण' या कागदावर सही माझी लागणार. त्या सहीवर मुलं थेट बोटीवर जाणार.

*

वर्गात बारा मुलं. मेडे, म्हणजे संकटातल्या जहाजाची मदतीची हाक, सगळ्यांना तोंडपाठ! एका सुरात म्हणाली, "माय पोझिशन इज डॉट डॉट डॉट."

"डॉट डॉट काय? जहाज कुठे आहे?"

"मॅडम, पुस्तकात तेवढंच दिलंय."

*

तोंडी परीक्षेला सर स्वतः बसले. येवल्याकडच्या सोमनाथनं सुरुवात केली, "मेडे, मेडे, मेडे." मग जहाजाचं नावही तीनदा.

"तीन-तीनदा काय ओरडतोस? आम्ही बहिरे आहोत का?"

रेडिओच्या खरखरीत एकदा तरी नीट ऐकू जावं म्हणून नियमच तसा आहे, असं मी सांगितलं.

"असेल नियम. पण आधी गुड मॉर्निंग म्हणायला काय जातं?"

*

देवळाली कॅम्पहून एका मुलाची आई आली. "पोरगा शिकतो तो रेडिओ दाखवा ना," म्हणाली. सरांनी माहितीपत्रकातला फोटो दाखवला. रेडिओ शेजारच्या खोलीत होता हो!

*

मागच्या सोमवारी भर दुपारी जिन्यातल्या मीटरबोर्डनं पेट घेतला. तिसऱ्या मजल्यावर आम्ही अडकलो. सरांनी फायर ब्रिगेडला फोन लावला. "नमस्कार, मी संचालक बोलतोय. आमची संस्था अतिशय नामांकित…"

सोमनाथनं फोन ओढला. "द्वारका, द्वारका, द्वारका! बँकेच्या वर, तिसरा मजला. जिन्यात लय धूर हाय. चौदा माणसं. शिडी लागंल. ओव्हर!"

शिडी आली. खाली उतरल्यावर सर मला म्हणाले, "पोरानं माझ्या हातातला फोन हिसकावला. शिस्त शिकवा जरा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहीचे बारा कागद माझ्या टेबलावर होते. पेन मी बाजूला ठेवलं आणि घरून आणलेली कात्री पर्समधून काढून रेडिओच्या खोलीकडे निघाले.