मिस्त्रीणबाईंचे पॅकिंग

शेजारी म्हणत, मिस्त्रीणबाईंचा नवरा हरवला तर त्या संध्याकाळपर्यंत वाट पाहतील. कात्री हरवली तर मात्र तत्काळ गल्ली डोक्यावर घेतील. थट्टेत दादही होती. मोटारसायकल दुरुस्तीच्या त्या दुकानात इंजिन उघडायचे मिस्त्रींनी, आणि बंद करताना इंजिन व झाकण यांच्यामध्ये कागदाचा जो पातळ थर बसतो, ज्याला धंद्यात पॅकिंग म्हणतात, तो कापायचा बाईंनी, अशी पंचवीस वर्षांची वाटणी होती.

बाई शिंप्याच्या घरातल्या. कापडावर बसलेला हात कागदावर बसायला त्यांना आठवडाही लागला नव्हता. जाड कागद झाकणाच्या कडेवर ताणून धरायचा आणि लहान हातोडीने हलके हलके ठोकत जायचे. धातूची कडच कागद कापत जाते. बोल्टच्या भोकावर बेअरिंगमधली सुटी गोळी ठेवायची आणि वर एकच टोला द्यायचा. नाजूक वळणे तेवढी कात्रीने. तयार पॅकिंग बाजारात मिळे, तरी गिऱ्हाईक म्हणे, "वहिनींच्या हातचंच टाका, मिस्त्री."

चार वर्षांपूर्वी गणिताच्या मास्तरांची, कायम मिस्त्रींच्याच हातची जुनी गाडी आली. गिअरच्या पायखुंटीजवळ तेल ठिबकत होते. मिस्त्रींनी क्लचचे झाकण उघडले, बाईंनी नवे पॅकिंग कापून दिले. पंधरा दिवसांनी गाडी परत आली. पुन्हा उघडली, पुन्हा नवे पॅकिंग. तिसऱ्यांदा मास्तर आले तेव्हा सकाळची वेळ होती आणि दुकानात चार-पाच माणसे उभी होती. बाईंनी काढलेले पॅकिंग उजेडात धरले.

"अहो, हे बघा. आतली कड तेलानं काळी झालीय, बाहेरची पांढरी कोरडी आहे. तेल यातून आलेलंच नाही. वरून कुठूनतरी उतरतंय."

एकच गाडी तीनदा परत आल्याने मिस्त्री आधीच ओशाळले होते. ते मोठ्याने हसले. "कागद कापता आला म्हणून इंजिन कळतं होय गं? मास्तर, चोर घरातच निघाला बघा. आता बाजारचं पॅकिंग टाकतो."

शेजारच्या वेल्डरने भर घातली, "वहिनी, तुम्ही आपली झबली शिवा आता!"

सगळे हसले. मास्तर तेवढे आपल्या बुटांकडे पाहत राहिले. बाईंनी पॅकिंग बाकावर ठेवले, कात्री पदराला पुसली आणि त्या आतल्या खोलीत निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी दुकानात पाऊल टाकले ते झाडण्यापुरते.

गाडी पुन्हा आली नाही. मिस्त्री ज्याला त्याला सांगत, "बाजारचं पॅकिंग टाकलं आणि गळती बंद!" गल्लीला तेवढे पुरे होते. ज्यांनी वर्षानुवर्षे बाईंच्या हाताचे कौतुक केले होते, तेच आता गाडी आणताना हळूच विचारत, "पॅकिंग बाजारचंच ना?" आत बाई भाजी निवडत असत. त्यांना ऐकू येई. पहिले वर्षभर त्या मनाशी म्हणत, बाहेरची कड कोरडी होती, मी डोळ्यांनी पाहिली होती. दुसऱ्या वर्षी म्हणू लागल्या, होती बहुतेक. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःलाच दोषी धरले, आणि तेव्हापासून त्यांचे बोलणे निम्म्यावर आले.

मग मिस्त्रींची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, हात मांडीवर ओल्या फडक्यासारखा पडून राहू लागला. दुकान बंद पडले. वारा यावा म्हणून बाई रोज शटर अर्धे वर करत, खुर्ची दाराशी ओढत, मिस्त्रींना तिथे बसवत आणि त्यांच्या सदऱ्याची बटणे लावत.

अशाच एका सकाळी मास्तर गाडी ढकलत आले. त्यांना मिस्त्रींच्या आजाराची वार्ता नव्हती. खुर्चीकडे पाहून ते दारातच थबकले.

"बसा मास्तर," बाई म्हणाल्या. "दुकान बंद आहे. गाडीचं काय झालंय?"

"काही नाही वहिनी. मी आता निवृत्त झालो. भाच्याला गाडी द्यायची म्हणतो, पण गळकी कशी देऊ?"

"गळकी?"

"चार वर्षं गळतेय. घरी खाली पत्र्याचा ट्रे ठेवतो, तेल कमी झालं की भरतो. पुन्हा आलो असतो तर मिस्त्रींना वाईट वाटलं असतं. म्हणून आलो नाही."

मास्तरांसाठी भरलेला पाण्याचा पेला बाईंच्या हातात तसाच राहिला. हा मनुष्य एकदा, केवळ एकदा, सांगायला आला असता तर! त्यांना ओरडावेसे वाटले. त्यांनी पेला मास्तरांपुढे ठेवला.

"गाडी आत घ्या."

"क्लच... झाकण... उघड," खुर्चीतून मिस्त्री म्हणाले.

"आधी काही उघडायचं नाही," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींच्या दुकानात इंजिन नेहमी चकाचक असे. गाडी आली की ते प्रथम फडक्याने सारे तेल पुसून काढत, मग पाच मिनिटे चालू करून बघत आणि जे सर्वांत खाली ओले दिसे ते उघडत. पुसताना तेलाची वाट पुसली जाते, आणि थंड इंजिन सगळेच सांगत नाही, हे बाईंना पॅकिंग कापता कापता उमगले होते. ते कुणी त्यांना विचारले नव्हते.

त्यांनी ब्रशने रॉकेल लावून इंजिन वरपासून खालपर्यंत धुतले, कोरडे केले, आणि मिस्त्रींच्या दाढीनंतरच्या पावडरीचा डबा आणून त्यावर सगळीकडे पातळ पावडर उडवली. इंजिन पांढरेफटक झाले.

"वहिनी, गाडीला बोहल्यावर चढवताय की काय?" मास्तर म्हणाले.

"दहा-बारा किलोमीटर फिरवून आणा. चांगली तापू द्या. वाटेत पुसू नका, हातही लावू नका."

मास्तर परतले तेव्हा पावडरीवर काळसर ओघळ उमटला होता. बाई उकिडव्या बसल्या आणि खालून वर बोट नेऊ लागल्या. पायखुंटीजवळ ओले. त्यावर क्लचच्या झाकणाची कड. तिथे ओघळ वरून येऊन नुसता ओलांडून गेला होता, बाकी कड सगळीकडे पांढरी. त्याच्याही वर, सिलिंडरच्या पात्यांमागून एक बारीक रेघ. आणि अगदी माथ्याशी, तेलाची नळी जिथे बोल्टने बसते, तिथे एक टपोरा थेंब.

त्यांनी बोल्ट काढला. नळीखालचा तांब्याचा वायसर, म्हणजे तेल अडवणारी चकती, तळहातावर आला. त्याच्या एका अंगावर कानशीचे तिरपे ओरखडे होते. जुना, कडक झालेला वायसर लाल तापवून मऊ करण्याऐवजी कानशीवर घासून, उलटा करून पुन्हा बसवायची सवय त्या गल्लीत एकाच माणसाला होती.

बाईंनी तो मिस्त्रींच्या डाव्या हातात ठेवला. नळीच्या वर-खाली बसणारे दोन वायसर डब्यातून काढून गॅसवर लालबुंद केले, पाण्यात बुडवले, बसवले. गाडी पुन्हा धुतली, पावडर उडवली, मास्तरांना पुन्हा पिटाळले. या वेळी ते परतले तेव्हा इंजिन माथ्यापासून तळापर्यंत पांढरे कोरडे होते.

"म्हणजे वहिनी, तुमचं पॅकिंग..." मास्तरांनी हात जोडले आणि गाडी सुरू केली.

दुकानात दोघेच उरले. मिस्त्री वायसर अंगठ्याने चाचपत होते. त्यांचे डोळे भरले होते, आणि शब्द जुळवायला फार वेळ लागला.

"अगं... तुला कळलं होतं... तर तेव्हा... बोलली का नाहीस?"

बाई हातांचे तेल साबणाने धूत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"बोलले होते. तुम्हाला आठवतसुद्धा नाही."