दानियल मास्तरांचा शेवटचा रोवणा

दानियल मास्तर गेल्याचं मला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. खाली चौघांनी हात जोडले, पाचव्याने लगेच निवडणुकीचं भांडण पुढे सुरू केलं. मी धानाच्या शेतात, बांधीत होतो, तिथंच कडेच्या धुऱ्यावर बसलो.

सौंदडजवळच्या आमच्या गावात ख्रिश्चनांचं घर एकच, मास्तरांचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते थोडं धान लावायचे. त्यांची बांधी माझ्या शेजारी. कुणाकडे आजारपण आलं की लोक आपणहून त्यांना प्रार्थनेला बोलवायचे. ते आधी घरच्यांना घरातल्या देवापुढे दिवा लावायला सांगत, मग स्वतः डोळे मिटत. माझी बायको तापानं फणफणली तेव्हा मीच धावत गेलो होतो. ती बरी झाली. डॉक्टरनं की देवानं, यावर आम्ही कधी वाद घातला नाही.

मग हवा बदलली. एका निवडणुकीच्या आधी चावडीवर बैठक बसली. "मास्तर घराघरात शिरून धर्म बदलवून राहिले," एकजण ओरडला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याच्या घरी बी गेले होते." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मीच बोलावलं होतं, एवढंच सांगायचं होतं... मी मान खाली घातली. भेकड कुठला!

आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आज तुझ्या बांधीत, उद्या माझ्या. त्या वर्षी मास्तरांकडे एकही बाई गेली नाही. म्हातारा-म्हातारी दोघंच चिखलात वाकून रोवत होते. रोपांचे अर्धे पऱ्हे तसेच पिवळे पडले. मी धुऱ्यापलीकडून बघत होतो. शेवटी न राहवून म्हणालो, "मास्तर, रागावले का माह्यावर?"

"कायले रागावू? तुले गावात राहाचं आहे."

दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढचा रोवणा त्यांनी पाहिलाच नाही.

मातीला आम्ही सहा माणसं होतो.

परवा त्यांच्या घरी गेलो. दिवेलागणीची वेळ. मार्थाबाई, मास्तरांची बायको, खाटेवर बसून प्रार्थनेत गावातल्या आजाऱ्यांचं एकेक नाव घेत होत्या. मास्तरांचीच ही रोजची सवय. चावडीवर ओरडणाऱ्याच्या आईचंही नाव आलं. मग माझं आलं.

"मी तर ठणठणीत आहे, बाई," मी म्हणालो.

"त्या बैठकीपासून ते रोज घेत होते तुमचं नाव. मी काऊन सोडू?"

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. प्रार्थना संपली. शेवटी 'आमेन' म्हणायचं असतं, हे मला ठाऊक आहे. तेवढंही माझ्या तोंडातून निघालं नाही.