समुद्रघोडीचं डोहाळजेवण

ऐंशीच्या दशकात आम्ही जर्सी सिटीत राहत होतो, तेव्हा वरच्या मजल्यावरचे काका प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचे, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत. "हळू बोला, स्लोली. ती दचकते." ती म्हणजे त्यांच्या काचेच्या टाकीतली समुद्रघोडी. प्लॅस्टिकच्या गवताला शेपटीनं धरून ती दिवसभर डुलायची.

एकदा तिचं पोट फुगलेलं दिसलं आणि काकांनी हट्टानं डोहाळजेवणाचा घाट घातला. काकूंनी पुरणपोळ्या केल्या. त्या अर्थात आम्हीच खाल्ल्या. मग काकू खण-नारळ घेऊन ओटी भरायला टाकीपाशी गेल्या, तेवढ्यात मासे विकणाऱ्या दुकानदाराकडून ऐकलेलं मी बोलून गेले, "काका, यांच्यात पोट नराचं वाढतं. पिल्लं तोच जन्माला घालतो."

एरवी पाण्याचा पेलासुद्धा हातात मागणारे काका स्वतः खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. काकूंनी खण-नारळ सरळ त्यांच्या मांडीवर ठेवला.

"मग बाळंतपण तुमचं तुम्ही बघा."

काका काकूंकडे वळले.

"डिंकाचे लाडू कसे करतात गं? हाऊ टू मेक?"