मुक्काम पोस्ट पाण्याची टाकी

मी रायपुरात राहतो हे सरकारला पटवून द्यायला मला गेल्या वर्षीचा अख्खा श्रावण लागला. मी रायपुरात राहत नाही हे पटवून द्यायला माझ्या बायकोला एक कप चहाचा वेळ पुरला होता.

तसा मी कागदाला घाबरणारा माणूस नाही. कॅनडात पोलादाच्या कारखान्यात भट्टीसमोर उमेदीची सगळी वर्षं काढली, तिथल्या बर्फातून गाड्या ढकलल्या, आणि तिथल्या करखात्याला एकदा असं पत्र लिहिलं की त्यांनीच उलट माझी माफी मागितली. (कॅनडावाले कोणाचीही माफी मागतात, असं सुनंदा या ठिकाणी नेहमी म्हणते. सुनंदा म्हणजे माझी बायको.) निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं सरळ ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी परत आलो. हे घर माझ्या वडिलांनी बांधलेलं. ते रेल्वेत होते, नागपूरकडून बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. मुलगी तिकडेच असते. तिला इथला उन्हाळा सोसत नाही आणि आम्हाला तिकडचा हिवाळा, त्यामुळे सगळ्यांचं बरं चाललं होतं.

बिघडलं ते पेन्शनवरून. कॅनडावाले म्हणाले, तुम्ही भारताचे रहिवासी आहात असं तुमच्या सरकारकडून लिहून आणा, नाहीतर आम्ही इथेच पुरा कर कापून घेऊ. भारतवाले म्हणाले, तुम्ही राहता इथे, म्हणजे आमचाही कर आलाच. एका म्हाताऱ्याच्या दाढीवर दोन न्हावी बसले होते, आणि आमचं घर तर त्या पेन्शनवरच चालतं.

माझा भाचा मनीष सीए आहे. त्याला मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

"मामाजी, रहिवासी होने का सर्टिफिकेट निकलवा लेते हैं. आप तो साल भर यहीं रहते हैं, केस एकदम साफ है. हो सकता है इन्स्पेक्टर घर आके पूछताछ करे. आप बस घर पे रहिए."

"अरे, मी जातो कुठं?" मी म्हणालो.

भाच्याला एक बारीकशी गोष्ट सांगायची मात्र राहून गेली. पाऱ्याच्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्याच्या, लेखी मी घरी नसतोच.

झालं होतं असं. परत आलो त्या पहिल्याच वर्षी गणेश मंडळाची मंडळी दारात आली आणि म्हणाली, "अंकल, आप तो डॉलरवाले हैं." पाठोपाठ दुर्गावाले आले, भंडाऱ्यावाले आले, आणि मग व्याह्यांचे कोणी दूरचे भाऊ आपापली मुलं घेऊन आले. "भाऊजी, पोट्ट्याले कॅनडाले लावून द्या नं." माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही. भट्टीवर मी शंभर माणसं हाकली असतील, पण पावतीपुस्तक दिसलं की माझा हात आपोआप खिशात जातो.

शेवटी सुनंदानं फैसला केला. "तुमच्यानं नाही म्हणणं होत नाही नं? मंग तुमी घरी राहूच नोका."

"म्हणजे? या वयात मी कुठं जाऊ?"

"जाता काहून? राहा घरातच. मी सांगत जाईन, साहेब कॅनडात हायेत म्हणून."

योजना माझी नसली तरी तिला शिस्त मी लावली. समोर राहणाऱ्या साहू भाभी पहाऱ्यावर असत. गल्लीच्या तोंडाशी कोणी पावतीपुस्तकवाले दिसले की त्या ओरडत, "दीदी, दूध चढ़ा के भूल गईं क्या?" ही खूण ऐकली की मी दारातल्या चपला पायात सरकवून गच्चीवर जायचो. (दारात चपला दिसल्या तर पुरावा राहतो!) गच्चीवर पुढच्या कठड्याला लागून, विटांच्या चार खांबांवर, पाण्याची टाकी आहे. तिच्या मागे मी खुर्ची टाकली होती, पेपर ठेवला होता, चहाचा थर्मास होता. टाकीखालच्या मोकळ्या जागेतून पाय लांब केले की ते थेट कठड्याच्या सळईवर टेकत, इतकी उत्तम सोय. आणि मी पडलो इंजिनिअर. गल्लीत उभ्या माणसाला वरचं काय दिसेल, याचा कोन मी स्वतः दोरी धरून काढला होता. डोकं दिसत नव्हतं, खांदे दिसत नव्हते. त्यात चूक काढणं शक्य नव्हतं.

गेल्या वर्षी गणपती महिन्यावर आले असताना गल्लीच्या तोंडाशी दोघं दिसले. एकाच्या काखेत फाइल, दुसऱ्याच्या हातात लांबट पुस्तक, आणि वाटेत देवळात डोकावून आल्यामुळे दोघांच्याही कपाळावर ताजा टिळा. भाभींना दुधाची आठवण झाली आणि मी वर गेलो.

खालचं बोलणं जिन्यातून स्वच्छ ऐकू येतं. फाइलवाला अदबीनं म्हणाला, "लांजेवार जी का घर यही है न? उनसे मिलना था."

"साहब तो कनाडा में हैं," सुनंदा म्हणाली.

"अच्छा? पर हमको तो बताया गया कि यहीं रहते हैं."

वर्गणीवाले कधी इतक्या खोलात शिरत नाहीत. सुनंदाला चेव आला. "कौन बोला? झूठ बोला भैया. वो तो वहीं के हो गए. दो साल से शकल नहीं देखी मैंने."

यावर तिनं डोळ्यांना पदर लावला असावा, कारण फाइलवाला एकदम गडबडला आणि "नहीं नहीं, आप रोइए मत," म्हणू लागला. सुनंदानं त्याला चहा दिला. चहा पिऊन तो समोर साहू भाभींकडे गेला. भाभी गल्लीभर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "हव, बेचारी अकेल्ला रहिथे. साहब तो फोन तको नइ करय."

मी फोनसुद्धा करत नाही, हे ऐकून मला टाकीमागे स्वतःचाच राग आला.

दोघं गेले. मी टाळ्या वाजवतच खाली उतरलो. "सुनंदा, तू तं नाटकात पायजे होती. पावती किती रुपयाची फाडली?"

"पावती नाही फाडली. सही घेऊन गेले. माही बी आणि भाभीची बी."

"सही? कायची सही?"

"मले काय माहीत. म्हटलं, मंडळाचं रजिस्टर असन. हे घ्या, कागद देऊन गेले."

मी कागद वाचला. वर 'आयकर कार्यालय' असं छापलं होतं आणि खाली इन्स्पेक्टरची सही होती. मी तो सुनंदाच्या हातात दिला. तिनं चष्मा लावून वाचला आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली. त्या दिवशी आमचं दूध खरोखरच उतू गेलं.

दुसऱ्या दिवशी मनीषला घेऊन मी त्या कार्यालयात हजर झालो. मनात अजून भरवसा होता. माणूस स्वतः समोर उभा राहिल्यावर आणखी पुरावा लागतो कशाला?

"आप कौन?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"मैं लांजेवार."

"लांजेवार जी तो कनाडा में हैं."

मी हसून पासपोर्ट पुढे केला. त्यानं एकेक पान सावकाश उलटलं. "इसमें आने की मोहर है. जाने की नहीं है."

"कैसे रहेगी? गया ही नहीं मैं."

"पर आपकी पत्नी ने लिखके दिया है कि गए हैं. मतलब आप बिना मोहर लगवाए देश से बाहर गए?"

शेजारी मनीषनं डोळे मिटून घेतले. घरून निघालो तेव्हा मी एक साधा करदाता होतो. आता मी सीमा ओलांडून पळालेला इसम झालो होतो. शेवटी खरं सांगून टाकलं. "साहब, वो तो चंदेवालों से बोलने की आदत है उसकी."

"यानी आपकी पत्नी ने सरकारी जाँच में झूठ बोला?"

"नहीं नहीं, वो झूठ नहीं बोलती."

"तो फिर आप कनाडा में हैं."

बायकोला खोटारडी म्हणावं तर घरी जेवण नाही, आणि खरी म्हणावं तर पेन्शन नाही. इन्स्पेक्टर माणूस वाईट नव्हता. फाइल मिटत म्हणाला, "मैं फिर आऊँगा, बिना बताए. इस बार मोहल्लेवालों से पूछूँगा, घरवालों से नहीं."

मग घरात उलटा कारभार सुरू झाला. मी सकाळपासून ओट्यावर बनियन-लुंगीत बसायचो, म्हणजे कोणीही बघावं आणि म्हणावं, हा इथलाच. दारात सगळ्या चपला मांडल्या. कॅनडातले बर्फाचे बूटही मांडणार होतो, सुनंदानं वेळेवर उचलले. कोण कुणाचा माणूस असेल सांगता येत नाही, म्हणून भंगारवाला आला तरी मी उठून सांगायचो, "मैं यहीं रहता हूँ." भंगारवाला म्हणाला, "तो रहिए न."

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. लांजेवार साहेब सापडतात म्हटल्यावर सगळे आले. मी दोन लग्नांना हो म्हणालो, एका भंडाऱ्याचा प्रमुख पाहुणा झालो, आणि एका पोट्ट्याला कॅनडाला लावून देण्याचा शब्द देऊन बसलो. साहू भाभींची सवय मात्र सुटेना. त्या दुधाचं ओरडल्या की मी अर्धा जिना चढून जायचो आणि मग आठवून खाली यायचो.

"तुमचे पाय कोणत्या देशात हायेत, ते पयले ठरवा," सुनंदा म्हणाली.

इन्स्पेक्टर काही येईना. आला तेव्हा मी त्याला पाहिलंच नाही, कारण मी भांडत होतो. गणेश मंडळाचा म्होरक्या बंटी, मोबाइलचं दुकान चालवणारा, ऐन आमच्या फाटकासमोर मांडवाच्या बांबूसाठी खड्डा खणवून घेत होता.

"बंटी, इथं नाही. पिछले साल भी यहीं खोदा था. भरा किसने? मैंने. दोन घमेले मुरूम माझ्या स्कूटरवर आणून टाकला मी."

"अंकल, आपका हर साल का है."

"माहा हर सालचा है? गड्ढा तुहा हर सालचा है."

माणसं जमली. त्यांच्यामागे पानठेल्याशी इन्स्पेक्टर आपल्या शिपायासह उभा होता. तो पुढे झाला आणि त्यानं बंटीला विचारलं, "ये यहीं रहते हैं क्या?"

बंटी तापलेला होता. "रहते हैं? अरे सर, हटते ही नहीं हैं. आवाज कम करो, गड्ढा भरो, गाड़ी हटाओ, बारा महीने यही चलता है."

"पर सामनेवाली तो बोली थीं कि कनाडा में हैं."

बंटीचा राग पळाला आणि तो हसायला लागला. "वो तो चंदे के टाइम, सर. तब ऊपर टंकी के पीछे बैठते हैं. पूरा पारा जानता है. चप्पल दिखती है न नीचे से."

मी वर पाहिलं. टाकीखालच्या मोकळ्या जागेतून कठड्याची सळई लख्ख दिसत होती. डोक्याचा कोन मी काढला होता, खांद्यांचा काढला होता. पायांचा विचार मनात आलाच नव्हता.

"तो तुम लोग कभी बोले क्यों नहीं?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"क्या बोलते सर? बुजुर्ग आदमी हैं. आंटी चाय पिलाती हैं, पीके चुपचाप चले जाते हैं."

मला राग यायला हवा होता. आली ती लाज, आणि लाजेपाठोपाठ जरा बरंही वाटलं. आल्यापासून माझी एक लबाडी सगळा पारा मिळून सांभाळत होता, आणि मला वाटत होतं की ती मी एकटाच सांभाळतो आहे.

इन्स्पेक्टर गच्चीवर गेला. त्यानं खुर्ची पाहिली, पेपरची रद्दी पाहिली, थर्मास हलवून पाहिला. मग माझ्या चपला घालून तो खुर्चीत बसला, पाय लांब केले आणि खाली शिपायाला ओरडून विचारलं, "दिखता है?"

"हाँ सर," शिपाई गल्लीतून म्हणाला. "दोनों पैर."

दिवाळीच्या आत दाखला हातात पडला. कॅनडावाल्यांनी कापलेला कर परत केला आणि सोबत माफीही मागितली. चौकशीचा अहवाल मनीषनं फाइलमध्ये वाचला होता, तो त्यानं मला पाठ म्हणून दाखवला: आवेदक वर्ष भर इसी मकान में, विशेषकर छत पर पानी की टंकी के पीछे, निवास करता है.

यंदा गणपती जवळ आले तशी सुनंदा फाटकातून सवयीनं म्हणाली, "साहब तो कनाडा में हैं."

"हव आंटी," बंटी म्हणाला आणि सरळ जिना चढून वर आला.

टाकीमागे पेपरआड मी, जिन्याच्या तोंडाशी तो. मीच आवाज जरा बदलून म्हणालो, "साहब नहीं हैं."

"कोई बात नहीं अंकल. आएँ तो ये रसीद दे दीजिएगा. रकम हमने लिख दी है."

पावती वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यानं ती जिन्यापाशी माझ्या चपलेखाली दाबून ठेवली. यंदा खालून काही दिसू नये म्हणून मी चपला, शहाणपणा करून, तिथे काढून ठेवल्या होत्या.