आईची मागून येणारी टाळी

चाकणच्या एका कंपनीने आपल्या कामगार बायकांच्या सत्काराची फिल्म करायला दिली होती. आवाजाचं काम माझं. कार्यक्रम कॅन्टीनमध्ये झालेला, पंख्यांच्या घरघरीत टाळ्या पार बुडालेल्या. संगणकातल्या तयार टाळ्या लावून पाहिल्या, तर एवढ्याशा कॅन्टीनमध्ये अख्खं नाट्यगृह उसळलं! मला हव्या होत्या हलक्या, निवेदनाखाली अंथरता येतील अशा टाळ्या.

शेवटी मोशीतल्या आमच्या घरीच माईक लावला आणि आईच्या भजनी मंडळातल्या बायकांना चहाला बोलावलं. आई स्वतः मात्र वर्षभर भजनाला गेली नव्हती. अर्धांगवायूतून उठली, पण उजवा हात मंदावलेलाच राहिला. टाळी ठेक्यात पडेना, तेव्हा लाजेने तिने जाणंच सोडलं. मी किती विनवलं, कधी चिडलोही. ती ढिम्म हलली नाही.

"हं, वाजवा मावशी," मी म्हणालो. बायकांनी सुरुवात केली आणि बघता बघता सगळ्यांची आरतीची टाळी सुरू! "ठेका नको हो, वेगवेगळं वाजवा." मी कपाळाला हात लावला. त्या एकमेकींकडे बघून हसल्या, पुन्हा वाजवलं, पुन्हा ठेका. जन्माचं वळण ते, सांगून थोडंच मोडणार?

चहाचे कप गोळा करायला आई आली. शेजारच्या काकूंनी तिला ओढून खाली बसवलं.

"न्हाई गं, माजी टाळी चुकती," आई म्हणाली.

"मग चुकू दे की! ह्याला चुकलेलीच पायजे."

आई वाजवू लागली. तिची टाळी मागून यायची, कधी यायचीच नाही. तिच्यामुळे काकूंची चुकली, काकूंमुळे पलीकडच्या मावशींची. हेडफोनमध्ये ठेका हळूहळू उसवला आणि समोर जेमतेम दहा बायका असताना कानात भरलेलं कॅन्टीन उभं राहिलं. इतकी वर्षं हे काम करतोय, पण असं काही ऐकलं नव्हतं. मी थांबवलंच नाही, वाजवू दिलं.

फिल्म पूर्ण झाल्यावर आईला दाखवली. पडद्यावर निळ्या गणवेशातली एक बाई बक्षीस घ्यायला उठली आणि निवेदनाखाली हलक्या टाळ्या सुरू झाल्या. आई डोळे मिटून ऐकत राहिली.

"ती मागनं आली ना, ती माजी," ती म्हणाली. मग पुन्हा लावायला सांगितली.

मी लावत होतो, तेवढ्यात तिने विचारलं, "उद्या भजनाला सोडशील का रं मला?"